या चुका टाळा: जावात एक्सेप्शनचा निरोप नेमका कुठे हरवतो

रात्रीचा जॉब मधेच थांबलाय आणि लॉगमध्ये एकच ओळ आहे: ‘हप्ता जमा करताना चूक: नल’. कुणाचा हप्ता, कुठली क्लास, कितवी ओळ, काहीच कळत नाही. ही ओळ लिहिणाऱ्याने आपल्या मते एक्सेप्शन हँडल केलेलं असतं, रिव्ह्यूमध्ये ते पासही झालेलं असतं. सकाळी ज्याच्या गळ्यात हे प्रकरण पडतं, त्याच्या हाती मात्र काही लागत नाही.

एक्सेप्शन हा खालून वर पाठवलेला निरोप असतो. काहीतरी बिनसलंय हे खालच्या मेथडला कळलेलं असतं, पण त्यावर काय करायचं हे ठरवणं तिच्या अखत्यारीत नसतं, म्हणून ती वर कळवते. पुढे दिलेल्या बहुतेक चुकांमध्ये हा निरोप वाटेत कुणीतरी गिळतं, अर्धाच पुढे देतं किंवा भलत्याच्याच हातात ठेवतं. उदाहरणाला एका पतसंस्थेचं कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर घेऊ: वर कंट्रोलर, त्याखाली हप्तासेवा, तिच्याखाली डेटाबेसशी बोलणारी खाते-रिपॉझिटरी आणि तळाला पोस्टग्रेस डेटाबेस. भाषा जावा, फ्रेमवर्क स्प्रिंग बूट.

मेसेज छापला, ट्रेस टाकून दिला

वरच्या ओळीतलं ‘नल’ (म्हणजे ‘काहीच नाही’) आलं ते पकडलेल्या एक्सेप्शनचा, म्हणजे ‘ई’चा, फक्त मेसेज ‘ई.गेटमेसेज()’ने लॉग केल्यामुळे; ट्रेस, म्हणजे कुठल्या मेथडने कुठली बोलावली याची ओळवार यादी, टाकूनच दिला. सगळ्याच एक्सेप्शनना मेसेज असतो असं नाही. नलपॉइंटरएक्सेप्शनला तर जुन्या जावात तो नसायचाच. कुठला व्हेरिएबल नल होता हे सांगणारा मेसेज जावा १४ मध्ये आला, तोही फ्लॅग लावला तर. जावा १५ पासून तो आपोआप मिळतो. त्यातही लोकल व्हेरिएबलच्या जागी खरं नाव न दिसता ‘लोकल४’ असं काही दिसलं, तर कोड ‘-जी’ पर्यायाशिवाय कंपाइल झालाय असं समजा. बिल्डमध्ये तो पर्याय चालू केला की नावं दिसू लागतात.

एसएलएफफोरजे ही लॉगिंगची लायब्ररी वापरत असाल तर एक्सेप्शन नेहमी शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि त्याच्यासाठी महिरपी कंसांची जागा ठेवू नका. म्हणजे मजकूर ‘हप्ता जमा झाला नाही, खाते {}’, मग खाते क्रमांक, मग ‘ई’. असं केलं की पूर्ण ट्रेस छापला जातो. मजकुराला ‘+ ई’ असं जोडलं तर फक्त क्लासचं नाव आणि मेसेज येतो, ट्रेस येत नाही. दोन्ही ओळी दिसायला इतक्या सारख्या असतात की रिव्ह्यूमध्ये नजरेतून सुटतात.

‘प्रिंटस्टॅकट्रेस’ हा याचाच दुसरा भाऊ. तो स्टँडर्ड एररवर छापतो, लॉगरच्या फाइलमध्ये नाही. त्याला वेळ नसते, लेव्हल नसते, रिक्वेस्ट आयडी नसतो. आयडीईने (कोड लिहायच्या एडिटरने) आपोआप भरलेल्या कॅचमध्ये, म्हणजे एक्सेप्शन पकडणाऱ्या ब्लॉकमध्ये, हीच ओळ असायची आणि ती तशीच प्रोडक्शनपर्यंत जाते.

मेसेज लिहिताना ज्या व्हॅल्यूमुळे बिघडलं ती अवतरणचिन्हांत टाका. एक्सेलमधून आलेल्या रकमेच्या शेवटी नॉन-ब्रेकिंग स्पेस असेल तर आकडे वाचणारी ‘पार्सइंट’ फुटते, आणि लॉगमध्ये मात्र ५००० अगदी धडधाकट दिसतं. अवतरणचिन्ह असेल तर निदान आकडा आणि चिन्ह यांच्यामधली फट दिसते. हे कॅरेक्टर ‘ट्रिम’ने जात नाही आणि जावा ११ मधल्या ‘स्ट्रिप’नेही जात नाही, ते नाव घेऊनच काढावं लागतं. ‘१,००,०००’ मधला स्वल्पविरामही ‘पार्सइंट’ला चालत नाही. देवनागरी आकडे मात्र तिला बिनतक्रार चालतात: ‘१२३’ दिलं की एकशे तेवीस मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये तसं होत नाही. म्हणून ब्राउझरमध्ये अडलेला आकडा सर्व्हरवर चालून जातो, आणि उगाच डोकं खाजवायची वेळ येते.

आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी मेसेजमध्ये घालू नका. लॉग बऱ्याच जणांच्या हातात जातो. आणि ट्रेस ग्राहकाच्या स्क्रीनवर नको. त्याला एक संदर्भ क्रमांक द्या आणि तोच लॉगमध्ये टाका.

रिकामा कॅच आणि त्याची सभ्य भावंडं

रिकामा कॅच वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न त्याच्या सभ्य दिसणाऱ्या भावंडांचा आहे: कॅचमध्ये नल परत करणं, रिकामी लिस्ट परत करणं, शून्य परत करणं. खाते-रिपॉझिटरीतली ‘शिल्लककर्ज’ मेथड डेटाबेस बंद असताना शून्य परत करते. हप्तासेवा बघते की कर्ज शून्य, म्हणजे फिटलं. ती खातं बंद करून ना-हरकत दाखला तयार करते. डेटाबेस दोन मिनिटांसाठी बंद होता, चूक सापडते तीन महिन्यांनी लेखापरीक्षणात, आणि तोवर लॉग कधीच फिरून पुसला गेलेला असतो.

‘शून्य’ हे एक उत्तर आहे. ‘मला माहीत नाही’ हे वेगळं उत्तर आहे. दुसऱ्यासाठी एक्सेप्शन वरच जाऊ द्यायला हवं. खातं खरोखरच सापडलं नाही, आणि तसं होणं अपेक्षित आहे, तर ‘ऑप्शनल’ (आत व्हॅल्यू असेल किंवा नसेल असं सांगणारं ऑब्जेक्ट) परत करा. पण डेटाबेसचा बिघाड ऑप्शनलमध्ये झाकू नका.

‘इथे एक्सेप्शन येणं शक्यच नाही’ अशी कॉमेंट लिहून कॅच रिकामा ठेवलेला दिसतो. शक्यच नसेल तर तिथे मूळ एक्सेप्शन आत ठेवून ‘असर्शनएरर’ फेका. शक्य नसलेलं कधी घडलंच, तर त्याच दिवशी कळेल.

गिळणं योग्य असतं अशा जागा थोड्या आहेत, पण आहेत. काम संपल्यावर तात्पुरती फाइल पुसता आली नाही, तर त्यापायी पावती अडवू नये. अशा वेळी व्हेरिएबलचं नाव ‘इग्नोअर्ड’ ठेवा आणि कारण एका ओळीत लिहा. जावा २२ पासून तिथे नुसती अधोरेषाही चालते. रिकामे कॅच शोधायला पीएमडी आणि चेकस्टाइल या कोड तपासणाऱ्या दोन्ही साधनांत तयार नियम आहेत. ते बिल्डमध्ये लावायला दहा मिनिटं पुरतात. जुन्या कोडवर पहिल्यांदा चालवाल तेव्हा यादी लांबलचक येईल, तेव्हा आधी फक्त नव्या कोडला लावा.

जाळं फार मोठं टाकलं

‘कॅच एक्सेप्शन’ लिहिलं की त्यात नलपॉइंटर, क्लासकास्ट, इलीगलआर्ग्युमेंट सगळंच सापडतं. हप्तासेवेत डेटाबेसचं कनेक्शन तुटलं तर ३ वेळा पुन्हा प्रयत्न करायचा असं ठरवलेलं असतं. कॅच मोठा असला की कोडमधल्या साध्या बगसाठीही तीनदा प्रयत्न होतो आणि शेवटी ‘डेटाबेस उपलब्ध नाही’ असा मेसेज जातो. मग डेटाबेसवाले आणि डेव्हलपर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पकडायचं तेवढंच नाव लिहा. दोन-तीन एक्सेप्शनना एकच उत्तर असेल तर जावा ७ पासून उभ्या रेघेने ती एकाच कॅचमध्ये जोडता येतात. फक्त त्यात एक दुसऱ्याचं अपत्य असून चालत नाही, कंपायलर अडवतो. वेगवेगळे कॅच लिहिताना आधी अपत्य, मग पालक. उलट क्रम लावला तर ‘हे आधीच पकडलं गेलंय’ अशी कंपायलरची तक्रार येते.

‘थ्रोएबल’ पकडण्याचा मोह आवरा. त्यात आउटऑफमेमरीएरर येतो, स्टॅकओव्हरफ्लो येतो. मेमरी संपल्यावर ‘चालू ठेवू’ म्हणणारा प्रोग्रॅम अर्धमेल्या अवस्थेत तासन्‌तास रिक्वेस्ट घेत राहतो. त्यापेक्षा जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) ‘हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ हा फ्लॅग द्या, प्रोसेस मरू द्या आणि मेमरीचा डंप उघडून बघा.

मोठं जाळं एकाच ठिकाणी शोभतं: अगदी बाहेरच्या कडेला. वेब रिक्वेस्टसाठी ‘कंट्रोलरअॅडव्हाइस’, क्यूचा लिसनर, बॅच जॉबचा सर्वांत बाहेरचा लूप. तिथे न पकडलं तर एका खराब रेकॉर्डपायी उरलेले हजारो रेकॉर्ड अडतात, म्हणून तिथे पकडायचं, पूर्ण लॉग करायचं आणि पुढे जायचं.

मोठ्या कॅचमध्ये आणखी एक गोष्ट सापडते आणि तिचा त्रास उशिरा होतो: ‘इंटरप्टेडएक्सेप्शन’. ‘स्लीप’मध्ये असलेल्या थ्रेडला थांबायला सांगितलं की हे एक्सेप्शन येतं, आणि ते येताना थ्रेडवरची ‘थांब’ ही खूण पुसली जाते. तुम्ही ते गिळलंत तर लूप पुढच्या फेरीला लागतो, कारण थांबायला सांगितलंय याचा मागमूसच उरलेला नसतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: अॅप्लिकेशन बंद करताना अडकतं. कुबरनेटीसवर (सर्व्हरवर अॅप्लिकेशन चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेवर) डिफॉल्ट ३० सेकंद वाट बघून त्याला जबरदस्तीने मारलं जातं, आणि प्रत्येक डिप्लॉयमेंटला बरोबर तेवढाच उशीर दिसतो. उपाय दोन ओळींचा: कॅचमध्ये ‘थ्रेड.करंटथ्रेड().इंटरप्ट()’ लिहून खूण परत ठेवा आणि लूपमधून बाहेर पडा.

मूळ कारण तोडून टाकलं

रिपॉझिटरीत एसक्यूएलएक्सेप्शन आलं. हप्तासेवेला एसक्यूएलशी देणंघेणं नको म्हणून ते ‘हप्ताएक्सेप्शन’मध्ये गुंडाळलं. इथवर बरोबर. पण नवं एक्सेप्शन बनवताना फक्त मेसेज दिला आणि ‘ई’ दिलाच नाही, तर खालचा सगळा ट्रेस तिथेच संपला. कारण जोडून देण्याची सोय जावा १.४ पासून, म्हणजे २००२ पासून आहे. स्वतःची एक्सेप्शन क्लास लिहिताना मेसेज आणि कारण दोन्ही घेणारा कन्स्ट्रक्टर ठेवाच. फक्त मेसेज घेणारा कन्स्ट्रक्टर ठेवला की घाईत तोच वापरला जातो.

ट्रेस वाचताना सर्वांत वरच्या ओळीवर अडकू नका. सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’वर जा, आणि तिथून खाली तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. बहुतेक वेळा तपास तिथूनच सुरू होतो. शेवटी ‘... २३ मोअर’ असं दिसलं तर काही गहाळ झालेलं नाही. त्या २३ ओळी वरच्या ट्रेसमध्ये येऊन गेल्यात, म्हणून पुन्हा छापल्या नाहीत.

गुंडाळण्याचाही अतिरेक होतो. प्रत्येक थरात नवं वेष्टण चढवलं की ‘कॉज्ड बाय’ची उतरंड लागते आणि माहिती तसूभरही वाढत नाही. भाषा बदलते तिथेच गुंडाळा: टेबल-कॉलमच्या भाषेतून कर्ज-हप्त्याच्या भाषेत येताना. तसंच प्रत्येक थराने लॉग करून पुन्हा फेकलं, तर एकाच बिघाडाचे चार ट्रेस दिसतात आणि अलर्ट चौपट वाजतात. एक तर लॉग करा, नाहीतर फेका. दोन्ही करायचं कारण क्वचितच असतं, जसं की निरोप दुसऱ्या सर्व्हिसकडे जाताना ट्रेस मागेच राहणार असेल तेव्हा.

क्लास किती बनवायच्या? पकडणारा वेगळं काही करणार असेल तरच वेगळी क्लास. ‘शिल्लक अपुरी’ला ग्राहकाला सांगायचंय, ‘खातं गोठवलंय’ला शाखाधिकाऱ्याकडे पाठवायचंय, म्हणून त्या दोन वेगळ्या. लागणारी माहिती फील्डमध्ये ठेवा: खाते क्रमांक, हवी असलेली रक्कम, असलेली रक्कम. नाहीतर वरचा कोड मेसेजचा मजकूर चाचपू लागतो. ‘मेसेजमध्ये डुप्लिकेट हा शब्द आहे का’ असली अट ड्रायव्हरची आवृत्ती बदलली किंवा सर्व्हरची भाषा बदलली की गळून पडते. त्यासाठी एसक्यूएलस्टेट हा डेटाबेसने दिलेला ठरावीक एरर कोड आहे. पोस्टग्रेसमध्ये युनिक बंधन मोडलं तर २३५०५ येतो. मायएसक्यूएलमध्ये एसक्यूएलस्टेट २३००० हा मोघम असतो, तिथे १०६२ हा एरर कोड बघा.

फायनलीमधले सापळे

फायनलीत (ट्रायनंतर काहीही झालं तरी चालणाऱ्या ब्लॉकमध्ये) ‘रिटर्न’ लिहिलं की वर फेकलेलं एक्सेप्शन नाहीसं होतं. कसला एरर नाही, लॉग नाही; मेथड साळसूदपणे व्हॅल्यू परत करते. कंपायलरला ‘-एक्सलिंट:फायनली’ दिलंत तर तो इशारा देतो. फायनलीतल्या ‘क्लोज’नेच एक्सेप्शन फेकलं तरी तेच घडतं: मूळ बिघाड जातो आणि ‘स्ट्रीम बंद करता आली नाही’ एवढंच हाती राहतं.

यावर २०११ च्या जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. रिसोर्स उलट्या क्रमाने बंद होतात, मूळ एक्सेप्शन टिकतं, आणि बंद करतानाचं एक्सेप्शन त्याला ‘सप्रेस्ड’ म्हणून चिकटतं. यातही एक भोक आहे. ‘जीझिपइनपुटस्ट्रीम’च्या कंसातच ‘फाइलइनपुटस्ट्रीम’ तयार केलीत आणि फाइल मुळात जीझिप नसली, तर बाहेरचा कन्स्ट्रक्टर हेडर वाचतानाच फुटतो. त्याचं ऑब्जेक्ट तयारच झालेलं नसल्यामुळे त्याला कुणी बंद करत नाही, आणि आतली फाइल उघडी राहते. दोन्ही रिसोर्स अर्धविराम देऊन वेगवेगळे जाहीर करा.

लॉकचा नियमही असाच: ‘लॉक()’ ट्रायच्या आधीच्या ओळीवर हवा. तो ट्रायच्या आत असला आणि लॉक मिळण्याआधीच काही फुटलं, तर फायनलीतला ‘अनलॉक’ स्वतःचं इलीगलमॉनिटरस्टेटएक्सेप्शन फेकतो आणि खरं कारण पुन्हा झाकलं जातं.

फायनली विसरल्याची सगळ्यात ओळखीची खूण हिकारीसीपीच्या (डेटाबेस कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल, सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) लॉगमध्ये दिसते: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०००० मिलिसेकंदांनी वेळ संपली. पूलचा डिफॉल्ट आकार १० असतो. एक्सेप्शनच्या वाटेवर कनेक्शन परत न करणारी एखादी मेथड असेल तर असे १० बिघाड होईपर्यंत सगळं ठीक चालतं, अकराव्या मागणीला ३० सेकंद थांबून फुटतं. रीस्टार्ट केलं की पुन्हा काही काळ ठीक. पूलचा आकार ५० केल्याने दुखणं फक्त पुढे ढकललं जातं. त्याऐवजी ‘लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड’ चालू करा. तो डिफॉल्ट बंद असतो आणि कमीत कमी २००० मिलिसेकंद घेतो. तेवढ्या वेळात परत न आलेलं कनेक्शन कुणी घेतलं होतं याचा ट्रेस तो छापतो.

स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शन: इथे पैसे जातात

‘ट्रान्झॅक्शनल’ लिहिलं म्हणजे कुठलंही एक्सेप्शन आलं की सगळं मागे फिरेल, हा समज खोटा आहे. डिफॉल्ट नियम असा की रनटाइमएक्सेप्शन आणि एरर आले तरच रोलबॅक, म्हणजे सगळे बदल मागे. चेक्ड एक्सेप्शन (जे पकडायची किंवा जाहीर करायची सक्ती कंपायलर करतो) आलं तर कमिट, म्हणजे बदल कायम. आता हप्तासेवा बचत खात्यातून ५००० वळते करते, मग कर्जखात्यात जमा करण्याआधी ‘खातंगोठवलंएक्सेप्शन’ फेकते, आणि ती क्लास ‘एक्सेप्शन’पासून काढलेली आहे. ग्राहकाला स्क्रीनवर चूक दिसते, बचत खात्यातून पैसे मात्र गेलेले असतात. उपाय: व्यवसायाच्या नियमांची एक्सेप्शन रनटाइमएक्सेप्शनपासून काढा, नाहीतर ‘रोलबॅकफॉर’मध्ये नाव लिहा. नव्या प्रकल्पात पहिला मार्ग बरा, कारण दुसऱ्यात प्रत्येक मेथडवर आठवणीने लिहावं लागतं, आणि एक दिवस विसर पडतोच.

त्याच मेथडच्या आत एक्सेप्शन पकडून गिळलं, तरीही कमिट. स्प्रिंगला एक्सेप्शन कळतं ते मेथडच्या बाहेर पडताना. आत काय झालं ते त्याला दिसत नाही.

याच्या उलट प्रकार जास्त गोंधळात टाकतो. हप्तासेवा दुसऱ्या बीनमधली (स्प्रिंगने बनवून दिलेल्या ऑब्जेक्टमधली) ‘एसएमएसनोंद’ मेथड बोलावते, तीही ट्रान्झॅक्शनल आहे. ती फुटते. हप्तासेवा म्हणते, एसएमएस गेला नाही तर राहू दे, आणि एक्सेप्शन पकडून पुढे जाते. शेवटी कमिट करताना ‘अनएक्स्पेक्टेडरोलबॅकएक्सेप्शन’ येतं आणि हप्ताही मागे फिरतो. कारण दोघी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होत्या, आणि आतली बाहेर पडतानाच ‘हे आता फक्त रोलबॅक’ असा शिक्का मारून गेली. आतलीला ‘रिक्वायर्सन्यू’ दिलं तर तिचं ट्रान्झॅक्शन वेगळं होतं. पण लक्षात ठेवा, त्यासाठी दुसरं कनेक्शन लागतं आणि पहिलं हातातच असतं. १० जणांनी एकाच वेळी पहिलं धरून दुसरं मागितलं, तर १० च्या पूलमध्ये कुणालाच काही मिळत नाही, आणि मघाचा ३० सेकंदांचा एरर इथेही दिसतो. एसएमएससारखं काम कमिट झाल्यानंतर करणं केव्हाही चांगलं; ‘ट्रान्झॅक्शनलइव्हेंटलिसनर’ त्यासाठीच आहे.

त्याच क्लासमधून स्वतःचीच ट्रान्झॅक्शनल मेथड बोलावली तर स्प्रिंगची प्रॉक्सी (ट्रान्झॅक्शन सुरू-बंद करणारा मधला थर) मधे येत नाही आणि अॅनोटेशनचा काही उपयोग होत नाही. ‘रिक्वायर्सन्यू लावलं तरी फरक पडत नाही’ या तक्रारीत आधी हेच तपासा.

पोस्टग्रेसचा आणखी एक कडक नियम: ट्रान्झॅक्शनमध्ये एक स्टेटमेंट फुटलं की पुढची सगळी नाकारली जातात, एसक्यूएलस्टेट २५पी०२ सह. म्हणून ‘इन्सर्ट करून बघू, डुप्लिकेट आलं तर पकडून अपडेट करू’ ही युक्ती तिथे चालत नाही. सेव्हपॉइंट वापरा किंवा इन्सर्टलाच ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ जोडा. तपास करताना २५पी०२ ला महत्त्व देऊ नका. त्याच्या आधी काय फुटलं ते शोधा.

दुसऱ्या थ्रेडमध्ये फुटलं की आवाज येत नाही

एक्झिक्युटरला (कामं दुसऱ्या थ्रेडमध्ये चालवणाऱ्याला) काम ‘एक्झिक्यूट’ने दिलं आणि ते फुटलं तर ट्रेस निदान कन्सोलवर येतो. तेच ‘सबमिट’ने दिलं तर एक्सेप्शन ‘फ्युचर’मध्ये (कामाचं उत्तर नंतर देणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) जाऊन बसतं आणि कुणी ‘गेट’ करेपर्यंत तिथेच राहतं. ‘गेट’ केल्यावरही ते ‘एक्झिक्युशनएक्सेप्शन’च्या वेष्टणात येतं, म्हणून ‘गेटकॉज’ बघावं लागतं. कम्प्लिटेबलफ्युचरच्या साखळीचंही तेच; तिच्या टोकाला ‘हँडल’ किंवा ‘एक्सेप्शनली’ नसेल आणि कुणी ‘जॉइन’ही करत नसेल, तर बिघाड कायमचा मुका.

सगळ्यात फसवी आहे ‘शेड्युलअॅटफिक्स्डरेट’. तिला दिलेलं काम एकदा जरी एक्सेप्शन देऊन बाहेर पडलं, की पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द. कसलीही सूचना नाही. दर ५ मिनिटांनी थकीत हप्ते तपासणारं काम मंगळवारी दुपारी एकदा फुटतं आणि पुढच्या रीस्टार्टपर्यंत परत चालतच नाही. अॅप्लिकेशन बाकी ठणठणीत. ‘रीस्टार्ट केलं की चालतं’ असं कुणी म्हणालं की पहिला संशय इथे घ्या. कामाच्या आत, अगदी बाहेरच्या पातळीला ट्राय-कॅच लावून लॉग करा. वर ज्याला बाहेरची कड म्हटलं, ती इथे हीच. स्प्रिंगच्या ‘शेड्युल्ड’ अॅनोटेशनमध्ये हा सापळा नाही, तिथे एरर लॉग होऊन पुढची फेरी चालते.

वारसा आणि स्टॅटिक ब्लॉक

ओव्हरराइड करताना अपत्य क्लासला पालकापेक्षा जास्त व्यापक चेक्ड एक्सेप्शन जाहीर करता येत नाही. कंपायलर अडवतो, आणि लोक चिडून ते ‘रनटाइमएक्सेप्शन’मध्ये कोंबतात. कंपायलर गप्प बसतो, पण ‘कर्जखातं’ धरून लिहिलेल्या कोडला ‘सोनेतारणखातं’ अचानक भलतंच काही फेकताना सापडतं. नियम नावापुरता न पाळता अर्थाने पाळायचा: पालकाने कबूल केलेल्याच कुळातलं एक्सेप्शन फेका. आयओएक्सेप्शन लॅम्डातून बाहेर काढायचं असेल तर जावा ८ मध्ये ‘अनचेक्डआयओएक्सेप्शन’ तयार आहे, नवी क्लास बनवायची गरज नाही.

स्टॅटिक ब्लॉकमध्ये कॉन्फिग फाइल वाचताना फुटलं, तर पहिल्यांदा ‘एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर’ येतो. त्यानंतर त्या क्लासला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ मिळतो. लोक दुसऱ्यावर विश्वास ठेवून जार फाइली उलट्यापालट्या करतात, आणि जार मात्र जागेवरच असते. मेसेजमध्ये ‘कुड नॉट इनिशियलाइझ क्लास’ हे शब्द असतील तर लॉग मागे नेऊन पहिला एरर शोधा.

ट्रेसच नाही, फक्त नाव

कधी लॉगमध्ये हजारो वेळा ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ एवढंच दिसतं, खाली एकही ओळ नाही, आणि लॉगिंगचा कोड तपासला तर तो बरोबर असतो. हे जेव्हीएमचं काम आहे. एकाच जागी हे एक्सेप्शन वारंवार येऊ लागलं की हॉटस्पॉट कंपायलर वेगासाठी आधीच बनवून ठेवलेलं, ट्रेस नसलेलं ऑब्जेक्ट फेकू लागतो. त्याच जेव्हीएमच्या जुन्या लॉगमध्ये मागे जा. पहिल्या काही वेळचे ट्रेस पूर्ण सापडतात. लॉग फिरून गेला असेल तर ‘-एक्सएक्स:-ऑमिटस्टॅकट्रेसइनफास्टथ्रो’ देऊन पुन्हा सुरू करा. ‘एक्सएक्स:’ नंतरची वजाची खूण विसरू नका, तीच ही सोय बंद करते.

टेस्टमध्ये

जेयुनिट ५ मधल्या ‘असर्टथ्रोज’ला ‘एक्सेप्शन.क्लास’ दिलं तर नलपॉइंटर आला तरी टेस्ट हिरवी होते, कारण अपत्यही चालतं. नेमकी क्लास द्या. अपत्य नकोच असेल तर ५.८ पासून ‘असर्टथ्रोजएक्झॅक्टली’ आहे. क्लासबरोबर कारण टिकलंय का, तेही ‘गेटकॉज’ने तपासा, नाहीतर कुणीतरी पुढच्या रिफॅक्टरिंगमध्ये ‘ई’ काढून टाकतं आणि टेस्ट काही बोलत नाही.

युनिट टेस्टमध्ये न दिसणारं बघायला स्टेजिंगवर अर्धा तास काढा. हप्ता भरण्याची विनंती चालू असताना पोस्टग्रेस बंद करा, २ मिनिटांनी सुरू करा. मग चार गोष्टी तपासा: लॉगमध्ये बिघाडाचा ट्रेस एकदाच आणि मूळ कारणासकट आला का, पैसे एकाच बाजूला तर वळले नाहीत ना, पूलमधली कनेक्शन परत आली का, आणि ठरावीक वेळेचे जॉब पुढच्या फेरीला चालले का.